वहीतली ३१२ नावं आणि माझं एक्सेल: आपोआप मेसेज पाठवताना स्पॅम कसा टाळायचा

वहिनींच्या वहीत ३१२ नावं होती आणि माझ्या एक्सेलमध्ये २,१०० भरली. मधली भर कुठून आली ते सांगतो. सोसायटीच्या ग्रुपमधून नंबर उचलले, दोन प्रदर्शनांतल्या अभिप्राय वहीतले टाइप करून घेतले, आणि एका मित्राने त्याच्या क्लासच्या पालकांची यादी "घे की, काय होतंय" म्हणत पाठवून दिली. वहिनी मिरजेत भाजणी, मेतकूट आणि दिवाळीचा फराळ करतात. मी त्यांचा दीर, म्हणजे घरातला कॉम्प्युटरवाला. बल्क मेसेज पाठवणारं एक सॉफ्टवेअर लावलं आणि एका रात्रीत २,१०० जणांना चकलीचा फोटो पाठवायला घेतला. सकाळी वहिनी फोन हातात घेऊन आल्या. "भाऊजी, हे व्हॉट्सॲप उघडेना झालंय." नंबर बॅन झाला होता. दिवाळीला अठरा दिवस उरलेले. ज्यांच्या ऑर्डरी चॅटमध्ये अडकल्या होत्या त्यांना वहीतून नंबर काढून एकेक फोन केला, आणि तरी दोन डबे कोणाचे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

चूक माझी होती. ती नेमकी कुठे झाली हे समजायला मात्र पुढचे बरेच महिने गेले. त्या काळात जे शिकलो ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे क्रमाने लिहितोय. तुमचा घरगुती उद्योग असो, क्लास, वाचनालय, मंडळ किंवा सहली काढायचा व्यवसाय असो, अडचणी साधारण याच येतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मजकूर फालतू असतो म्हणून तो स्पॅम ठरतो असं नाही. चकलीचा फोटो उत्तम होता. वहिनींच्या जुन्या गिऱ्हाइकाला तो बघून "अरे वा, सुरू झालं का यंदाचं" असं वाटलं, आणि क्लासच्या पालकांना "हा कोण, माझा नंबर याला कुणी दिला" असं. व्हॉट्सॲपला चकली खुसखुशीत आहे की नाही हे कळत नाही. त्याला दिसतं ते इतकंच: किती जणांकडे तुमचा नंबर सेव्ह आहे, किती जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं, किती जणांनी उत्तर दिलं, आणि हे सगळं किती वेगाने झालं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या चार गोष्टींभोवतीच फिरतात.

पायरी १. मशीनला कुठली कामं द्यायची ते ठरवा

मागच्या आठवड्याचे चॅट घेऊन बसा आणि दर वेळी तेच तेच काय लिहावं लागलं ते कागदावर उतरवा. वहिनींच्या बाबतीत ते असं निघालं: दरपत्रक, ऑर्डर मिळाल्याची पोच, डबा कुरिअरला दिल्याचा निरोप, पैसे कुठे पाठवायचे, आणि दुकान किती वाजेपर्यंत उघडं. ही पाच कामं मशीनला द्यायला हरकत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसच्या फुकट ॲपमध्येच स्वागताचा मेसेज, गैरहजेरीचा मेसेज आणि ५० पर्यंत क्विक रिप्लाय (आधी लिहून ठेवलेली उत्तरं) ठेवता येतात. बऱ्याच जणांना याच्या पुढे काही लागतच नाही, आणि लागत नसेल तर खरंच घेऊ नका.

"अनारसे फुटले होते" अशी तक्रार, दराची घासाघीस, ऑर्डरमधला बदल, यांना माणसानेच उत्तर द्यायचं. आणि एक प्रकार कधीच मशीनकडे द्यायचा नाही: दुसऱ्यांच्या पानांवर आपोआप लाइक, आपोआप फॉलो-अनफॉलो, आणि अनोळखी माणसाच्या फोटोखाली "खूप छान" अशी कमेंट टाकणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम. इन्स्टाग्रामवर ते नियमबाह्य आहेत. एक्सवरही (पूर्वीचं ट्विटर) आपोआप लाइक करणं आणि घाऊक फॉलो करणं यांना मनाई आहे. नियम बाजूला ठेवले तरी श्रद्धांजलीच्या पोस्टखाली तुमच्या दुकानाच्या नावाने "वा, मस्तच" उमटलं तर ते निस्तरणार कोण?

पायरी २. यादी धुऊन घ्या

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. मी काहीच दिला नव्हता.

एक्सेलमध्ये सहा रकाने करा: नाव, नंबर, कुठून आला, होकार कधी दिला, काय हवंय, आणि 'बंद'. 'कुठून आला' हा रकाना रिकामा राहिला तर तो नंबर यादीत नाही असं समजायचं. हा एक नियम लावला तेव्हा माझ्या २,१०० मधले सतराशेहून जास्त नंबर पाच मिनिटांत गळाले.

मग नंबर एकसारखे करा. एकच नंबर कुणी शून्य लावून लिहितो, कुणी अधिक एक्क्याण्णव लावून, कुणी मधे जागा सोडून. एक्सेलला ते तीन वेगळे नंबर वाटतात आणि एकाच काकूंना एकाच मिनिटात तोच मेसेज तीनदा जातो. म्हणून आधी जागा, आडव्या रेघा आणि पुढचं शून्य किंवा +९१ काढा, सगळ्यांना ९१ लावा आणि मगच डुप्लिकेट काढा. उलट्या क्रमाने केलंत तर डुप्लिकेट सापडत नाहीत.

आणखी एक खोडी आहे. बारा आकडी नंबर टाकला की एक्सेल त्याचं शास्त्रीय रूप करतं आणि '९.१९' पुढे इंग्रजी ई असं काहीतरी दाखवतं. तसंच सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह केलंत तर शेवटचे आकडे गेलेच, परत येत नाहीत. नंबर भरायच्या आधीच तो रकाना 'टेक्स्ट' करून ठेवा.

परदेशात फराळ पाठवत असाल तर त्या लोकांची यादी वेगळी करा. आपल्याकडे सकाळी दहाला सोडलेला मेसेज दिवाळीच्या सुमारास न्यू जर्सीत रात्री साडेबाराला वाजतो. तिथल्या मावशींनी त्यावर ब्लॉक केलं तर त्यांचं काही चुकलं म्हणता येणार नाही.

पायरी ३. होकार मागा, आणि तो लिहून ठेवा

"आमच्याकडून एकदा घेतलं होतं ना, मग चालेल की" हे पटण्यासारखं वाटतं, पण पुरेसं नाही. ऑर्डरसाठी दिलेला नंबर ऑर्डरपुरता असतो. वहिनींनी आता डब्यावरच्या लेबलवर एक क्यूआर छापून घेतलाय. तो स्कॅन केला की व्हॉट्सॲप उघडतं आणि त्यात आधीच लिहिलेलं असतं: "मला सणाची यादी पाठवा." गिऱ्हाइकाने फक्त पाठवायचं बटण दाबायचं. अशी क्लिक-टू-चॅट लिंक फुकट बनवता येते. याचे दोन फायदे आहेत. पहिला निरोप त्याच्याकडून येतो, आणि होकार तारखेसकट चॅटमध्ये राहतो.

व्हॉट्सॲपच्या व्यवसायांसाठीच्या धोरणात आधी संमती घेण्याची अट आहेच. शिवाय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा (विदासंरक्षण) कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये संमत झालाय आणि त्याचा पायाच संमती हा आहे: कशासाठी घेतोय ते स्पष्ट सांगायचं, आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. मित्राच्या क्लासची यादी घेताना मी यातलं काय काय मोडलं त्याचा हिशोब न केलेला बरा.

पायरी ४. व्हॉट्सॲपवर कुठल्या रस्त्याने जायचं

रस्ते तीन दिसतात, त्यातले दोनच खरे.

पहिला, ब्रॉडकास्ट लिस्ट. एका यादीत २५६ माणसं, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. लोक याला अडचण म्हणतात. मला ती फुकटची चाळणी वाटते. ज्याला तुमचा नंबर सेव्ह करावासा वाटला नाही त्याला तुमची चकलीही नकोच असणार. ३१२ नावांसाठी दोन याद्या झाल्या, काम झालं.

दुसरा, अधिकृत एपीआय (आपला प्रोग्राम व्हॉट्सॲपला जोडायची सोय), म्हणजे व्हॉट्सॲप बिझनेस प्लॅटफॉर्म. हा ॲपपेक्षा वेगळा आहे आणि सहसा एखाद्या मध्यस्थ कंपनीमार्फत घेतला जातो. इथे दोन नियम डोक्यात पक्के ठेवा. गिऱ्हाइकाने मेसेज केला की पुढचे २४ तास तुम्ही त्याच्याशी मोकळेपणी बोलू शकता. ती खिडकी बंद झाली की फक्त आधी मंजूर करून घेतलेलं टेम्प्लेटच, म्हणजे मजकुराचा ठरलेला साचा, पाठवता येतं. टेम्प्लेटचे प्रकार तीन: मार्केटिंग (जाहिरात), युटिलिटी (व्यवहाराचा निरोप) आणि ऑथेंटिकेशन (ओटीपीसारखे कोड). "तुमचा डबा निघाला" हे युटिलिटी. "तुमचा डबा निघाला, सोबत शंकरपाळ्यांवर सूट" हे मार्केटिंग. युटिलिटी स्वस्त पडतं म्हणून त्यात ऑफर सरकवण्याचा मोह होतो, पण ते पकडून मार्केटिंगमध्ये ढकललं जातं. जुलै २०२५ पासून आकारणी टेम्प्लेटच्या दर मेसेजमागे होते, त्यामुळे नको असलेल्याला पाठवणं हा आता थेट खिशाचाही प्रश्न झालाय. नव्या व्यवसायाला सुरुवातीला २४ तासांत २५० वेगवेगळ्या लोकांपर्यंतच टेम्प्लेट पाठवता येतं. दर्जा चांगला राहिला की मर्यादा वाढत जाते. दर्जा हिरवा, पिवळा, लाल असा दिसतो. पिवळा दिसताच मोहीम थांबवायची, लाल व्हायची वाट बघायची नाही.

तिसरा रस्ता मी घेतला तो. व्हॉट्सॲप वेबला चिकटून माणूस टाइप करतोय असं भासवणारी सॉफ्टवेअरं, नाहीतर 'जादा सोयी' असलेली बदललेली व्हॉट्सॲपं. "आमच्यात मेसेजमध्ये रँडम अंतर ठेवतात, पकडलं जात नाही" असं विकणारा सांगतो. अंतर कितीही ठेवा, शंभर अनोळखी फोनांवर एकच फोटो गेला आणि त्यातल्या वीस जणांनी रिपोर्ट केलं तर लपणार काय? भारतातल्या नियमांप्रमाणे व्हॉट्सॲप दर महिन्याला अहवाल काढतं. त्यात बंद केलेल्या खात्यांची संख्या लाखांनी मोजलेली असते, आणि बरीच खाती कुणी तक्रार करायच्या आतच बंद झालेली असतात.

फॉरवर्ड करूनही काम भागेल असं काहींना वाटतं. त्यावरची मर्यादा कशी आली ते आपल्याकडे विसरू नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. तशा घटना तेव्हा देशभर घडत होत्या, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायला घेतली. एप्रिल २०२० पासून पुष्कळदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. तुमची जाहिरात दोन बाणांची खूण घेऊन पोचली की ती अफवेच्याच रांगेत बसते.

पायरी ५. मेसेज लिहिणं

मी पाठवलेला मेसेज असा होता: "धमाका ऑफर!!! घरगुती फराळ, आजच ऑर्डर करा, मर्यादित साठा, १० जणांना फॉरवर्ड करा." सोबत एक आखूड केलेली लिंक. वाचून आज मलाच ब्लॉक करावंसं वाटतं.

आता जातो तो असा:

"नमस्कार सुनीताताई, मिरजेहून फराळवाल्या वहिनी. मागच्या वर्षी तुम्ही भाजणीच्या चकल्या घेतल्या होत्या. यंदाच्या ऑर्डरी शनिवारपर्यंत घेतोय. यादी हवी असेल तर 'यादी' लिहा. हे मेसेज नको असतील तर 'थांबवा' लिहा."

पहिल्या ओळीत पाठवणारा कोण ते कळतं, दुसरीत मला का पाठवला ते. दोन्ही गोष्टी फोनच्या नोटिफिकेशनमध्येच दिसायला हव्यात, कारण उघडायचं की उडवायचं हे तिथेच ठरतं. आखूड लिंक टाळा. ती कुठे नेते ते कळत नाही आणि फसवणूक करणारेही तीच वापरतात.

नावाच्या रिकाम्या जागेची धास्ती घ्या. रकाना मोकळा असेल तर "नमस्कार  ," असा मेसेज जातो, आणि वहीतल्यासारखं नाव टाइप केलं असेल तर "नमस्कार पाटील गल्ली निळा दरवाजा," असासुद्धा. दुसरा आमच्याकडून खरोखर गेला. पाटीलकाका मात्र हसले आणि दोन किलो चिवडा घेऊन गेले.

किती वेळा पाठवायचं? आमचा हिशोब महिन्यातून एक, आणि सण असेल तर दोन. रोजचं 'शुभ सकाळ' धंद्याच्या नंबरवरून अजिबात नाही. आपल्या घरच्या ग्रुपांनी तो कोटा भरून ठेवलाय.

पायरी ६. 'नको' ऐकण्याची सोय

यात मी चांगलाच आपटलो. बॉटला सांगितलं होतं की उत्तरात 'नको' किंवा 'बंद' दिसलं की त्या माणसाला यादीतून काढ. एका ताईंनी लिहिलं, "लाडवात बेदाणे नको." बॉटने उत्तर दिलं, "तुम्हाला यापुढे मेसेज येणार नाहीत." दुसऱ्यांनी विचारलं, "रविवारी दुकान बंद असतं का?" त्यांनाही निरोप. त्या ताईंचा फोन आला, "अहो, बेदाणे नको म्हटलं, तुम्ही आम्हालाच काढलंत!"

म्हणून नियम असा ठेवा. पूर्ण मेसेज म्हणजे फक्त 'थांबवा', 'नको', 'बंद करा' किंवा 'स्टॉप' असेल तरच आपोआप काढायचं. हे शब्द मोठ्या वाक्यात आले तर काहीही उत्तर न देता तो मेसेज माणसाकडे पाठवायचा. आणि लक्षात ठेवा, आपले निम्मे लोक मराठी रोमन लिपीत टाइप करतात आणि 'नको'चं स्पेलिंग प्रत्येकाचं निराळं. जी रूपं दिसत जातील ती यादीत घालत जा. काढल्याची पोच एका ओळीत द्या. "का बरं, काही चुकलं का?" असं विचारत बसू नका.

'बंद' रकान्यात आम्ही आणखी एक खूण वाढवलीय: 'यंदा नको'. दसऱ्याच्या शुभेच्छा पाठवल्या आणि उत्तर आलं, "घरी सुतक आहे." अशा माणसाला कायमचं काढायचं नसतं, पण त्या वर्षी त्याच्या घरी सण नसतो हे मशीनला कुणीतरी सांगावं लागतं.

पायरी ७. बाकीच्या ठिकाणी

फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या पोस्ट आधी लावून ठेवायला मेटा बिझनेस सूट फुकट आहे, सुरुवात त्यानेच करा. बाहेरचं एखादं साधन घेतलंत तर ते तुम्हाला फेसबुकच्या किंवा इन्स्टाग्रामच्याच लॉगिन पानावर नेऊन परवानगी मागतंय ना ते बघा. स्वतःच्या रकान्यात इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. तीच पोस्ट पंचवीस ग्रुपमध्ये एका दमात टाकणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे आणि खातं अडकायचा सरळ रस्ताही. तीन ग्रुप निवडा, तिथल्या ॲडमिनला विचारा, प्रत्येक ठिकाणी दोन ओळी वेगळ्या लिहा. "हवं असेल तर 'होय' लिहा, पाच मैत्रिणींना टॅग करा" असल्या पोस्ट खाली ढकलायला फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच सुरुवात केलीय.

कमेंटला आपोआप इनबॉक्समध्ये उत्तर देण्याची सोय चांगली आहे, पण तिला माप आहे. एका कमेंटवर एकच खासगी उत्तर, तेही ७ दिवसांच्या आत. समोरच्याने त्यावर काही लिहिलं तरच २४ तासांची खिडकी उघडते. "दर?" असं विचारणाऱ्याला "इनबॉक्स चेक करा" म्हणण्याऐवजी दर तिथेच लिहिलात तर बॉटची गरजच पडणार नाही, पण हे कुणाला पटत नाही.

टेलिग्रामची रचना मला सगळ्यात सरळ वाटते. तिथे बॉट स्वतःहून कुणाला पहिला मेसेज पाठवूच शकत नाही, समोरच्याने 'स्टार्ट' दाबावं लागतं. वेगाचं माप साधारण असं: एका चॅटमध्ये सेकंदाला एक, एका ग्रुपमध्ये मिनिटाला २०, आणि सगळे मिळून सेकंदाला तीसेक. जास्त झालं की ४२९ क्रमांकाची चूक येते आणि किती सेकंद थांबायचं तेही सोबत येतं. तितकं थांबा. लगेच पुन्हा प्रयत्न करणारा प्रोग्राम लिहिलात तर शिक्षा वाढत जाते.

एक्सवर एकच मजकूर अनेक खात्यांवरून टाकायला फेब्रुवारी २०१८ पासून मनाई आहे, आणि ट्रेंड होत असलेल्या विषयांवर आपोआप पोस्ट करायलाही. खातं बॉटचं असेल तर तसं लेबल लावा.

एसएमएसचं जग वेगळं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांमुळे पाठवणाऱ्याचं नाव आणि टेम्प्लेट दोन्ही डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर नोंदवावं लागतं, आणि त्रास झालेला माणूस १९०९ वर तक्रार करू शकतो. मराठीची गंमत अशी की इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात आणि देवनागरीत ७०, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. 'दिवाळी' आपल्याला तीन अक्षरी, मशीनला सहा. मजकूर लांबला की एका निरोपाचे दोन-तीन एसएमएस होतात आणि बिल तितक्यांचं येतं.

पायरी ८. मशीनच्या वेंधळेपणाची तयारी

आतापर्यंतचं सगळं नीट करूनही स्पॅम होतो, कारण प्रोग्राम गंडतो. तीन ठिकाणं मला अनुभवाने माहीत आहेत.

घड्याळ. भाड्याचा सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर चालतो, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री नऊला म्हणून लावलेला मेसेज आपल्याकडे पहाटे अडीचला जातो. सेटिंगमध्ये 'कोलकाता' वेळ निवडा आणि तरीही आधी स्वतःच्या फोनवर एक पाठवून बघा.

अर्धवट थांबणं. १४० व्या नंबरवर नेट गेलं, प्रोग्राम पडला, आपण पुन्हा सुरू केला आणि पहिल्या १३९ जणांना तोच मेसेज परत गेला. उपाय साधा आहे. प्रत्येक मेसेज गेल्याबरोबर त्याच ओळीत 'पाठवला' आणि वेळ अशी नोंद करायची, आणि पाठवण्यापूर्वी ती नोंद आहे का बघायचं. नोंद शेवटी एकदम करणारा प्रोग्राम काही कामाचा नाही.

बॉटची बॉटशी गाठ. आमचा बॉट आलेल्या प्रत्येक मेसेजला "धन्यवाद, लवकरच कळवतो" म्हणायचा. एका कुरिअरच्या नंबरवरही तसाच एक बसलेला. दोघांनी रात्रभर एकमेकांचे आभार मानले. आता एका माणसाला २४ तासांत आपोआप उत्तर जास्तीत जास्त दोनदा, असं बंधन घातलंय. ॲपमधला स्वागताचा मेसेज या बाबतीत शहाणा आहे. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा १४ दिवस गप्प असलेल्यालाच तो जातो.

सणांच्या शुभेच्छा 'दरवर्षी' म्हणून लावत असाल तर थांबा. गुढीपाडवा २०२५ मध्ये ३० मार्चला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला. कॉम्प्युटरला तिथी कळत नाही. अकरा दिवस उशिरा आलेल्या पाडव्याच्या शुभेच्छा माणसाने पाठवलेल्या नाहीत हे कुणालाही कळतं. दर वर्षी पंचांग घेऊन बसायचं आणि तारखा हाताने भरायच्या.

पायरी ९. सगळं थांबवायचं एक बटण

६ फेब्रुवारी २०२२ ची रविवारची सकाळ आठवा. लता मंगेशकर गेल्याची बातमी आली आणि घराघरांत टीव्ही लागले. त्या दिवशी 'संडे धमाका' आधीच लावून ठेवलेल्यांच्या पोस्ट वेळेवर पडल्या, कारण मशीनला बातमी कळत नाही. म्हणून लावलेल्या सगळ्या पोस्ट आणि मेसेज एका जागी दिसतील आणि एका झटक्यात थांबवता येतील अशी सोय हवी, तीही फोनवरून, आणि घरातल्या किमान दोघांना जमणारी. आमच्याकडे ते काम पुतण्याकडे आहे. बातम्या सगळ्यात आधी त्यालाच कळतात.

पाठवल्यानंतर

नवं टेम्प्लेट आधी पाच जणांना: स्वतः, घरातले दोघे, आणि तोंडावर वाईट बोलणारे दोन जुने गिऱ्हाईक. मग पन्नास जणांना, एक दिवस थांबून बाकीच्यांना. किती पोचले, किती वाचले, किती जणांनी 'थांबवा' म्हटलं आणि किती जणांनी उत्तर दिलं ते त्याच एक्सेलमध्ये लिहा. धोक्याची रेघ कुठे मारायची असं विचाराल तर जीमेलचं माप हाताशी धरा: घाऊक मेल पाठवणाऱ्यांना २०२४ पासून ते सांगतं की स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ देऊ नका, म्हणजे हजारात तीन. ते मेलचं माप आहे, पण त्यावरून लोकांचा संयम किती पातळ असतो त्याचा अंदाज येतो. ब्रॉडकास्टवर एकच टिक दिसणारे वाढत चालले तर तीही बातमीच आहे. त्यातल्या काहींनी नंबर तरी काढून टाकलाय नाहीतर ब्लॉक केलंय.

आणि नंबर बॅन झालाच तर? आधी ते सॉफ्टवेअर किंवा बदललेलं ॲप काढून टाका. ॲपमध्येच फेरविचाराची विनंती करता येते, ती एकदा करा, खरं काय झालं ते लिहा आणि थांबा. नवं सिम घेऊन तीच यादी पुन्हा चालवायची नाही. मी ते करायला निघालो होतो. वहिनींनी सिम काढून घेतलं आणि वही पुढे केली. "यातल्यांना फोन करा आधी."

त्या वहीत आज ३४० नावं आहेत. अकरा नावांवर लाल शाईची रेघ आहे आणि त्यातली चार या आठवड्यातली. ती अजून माझ्या शीटमध्ये खोडायची राहिलीत. शनिवारचा मेसेज सुटायच्या आत तेवढं करून घेतो.